साथ, पगार आणि धान्याचा डबा

मुंबई, १९१८. इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहरात दर हजार माणसांमागे किती माणसं गेली याचा समाजवार हिशेब तेव्हा काढला गेला होता. युरोपियन ८.३. पारशी ९. इतर जातींचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि सरकारी कागदांत ज्यांना 'लो कास्ट हिंदू' म्हटलंय (शब्द त्यांचा, माझा नाही) ते ६१.६.

एकसष्ट पूर्णांक सहा! शहर एकच, आजार एकच, ऑक्टोबरची ती उकाड्याची हवाही एकच. आणि तरी वरच्या आणि खालच्या आकड्यात जवळजवळ साडेसातपट फरक.

मी काही इतिहासाचा विद्यार्थी नाही, कॉम्प्युटरवाला माणूस. पण एकाच सिस्टिममध्ये दोन ठिकाणी एवढा फरक दिसला की मध्ये काहीतरी आहे हे आमच्यासारख्यांना लगेच कळतं, आणि मग ते शोधल्याशिवाय चैन पडत नाही. गेले काही शनिवार-रविवार मी त्यातच घालवले. शोधता शोधता दवाखान्यातून निघालो आणि स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यापाशी येऊन पोचलो. आजचा लेख त्याबद्दल.

आधीच सांगून टाकतो, हा फरक फक्त पोटामुळे पडला असं माझं म्हणणं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं, खिडकी नाही, बघायला डॉक्टर नाही, या सगळ्याचा त्यात वाटा आहेच. पण औषधांवर आणि हवेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. साथ आली की घराच्या चुलीचं काय होतं, आणि ते मिळकतीप्रमाणे कसं बदलतं, याबद्दल त्या मानाने कमी.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले, मग गोदीतले लोक, कचेऱ्या, गिरण्या. ही लाट त्या मानाने सौम्य होती. खरा घाला सप्टेंबरात पडला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं मेली. पुढे साथ रेल्वेने देशभर गेली. हिंदुस्थानात एकूण किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांत मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड होते, म्हणजे आजचा बराचसा महाराष्ट्र. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दुसरं दशक नाही.

आता याच वर्षी आणखी दोन गोष्टी चालू होत्या. एक म्हणजे महायुद्ध. जहाजं आणि रेल्वेचे डबे लष्कराच्या कामाला जुंपलेले, त्यामुळे एकीकडचं धान्य दुसरीकडे हलवायची पंचाईत आणि सगळ्याच वस्तूंचे भाव चढलेले. दुसरं म्हणजे पाऊस. १९१८ चा मोसमी पाऊस देशभराच्या सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी पडला. गेल्या दीडशे वर्षांतल्या सगळ्यात वाईट पावसाळ्यांत त्याची गणना होते. म्हणजे साथ आली तेव्हा घरातला डबा आधीच अर्धा रिकामा होता.

किती रिकामा, ते गिरणी कामगाराच्या उदाहरणावरून बघू. मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा सरकारी निर्देशांक आहे, जुलै १९१४ चा खर्च १०० धरलेला. १९१८ सालची त्याची सरासरी दीडशेच्या थोडी वर होती. याच काळात गिरणीवाल्यांनी मूळ पगारावर भत्ता दिला होता १५ टक्के. आता ११५ ला १५० ने भागा. उत्तर येतं पाऊण आणि थोडं. थोडक्यात काय, तर चार वर्षांपूर्वी ज्या कामात रुपयाचा बाजार व्हायचा, त्याच कामात आता जेमतेम बारा आण्यांचा. ही अवस्था तब्येत ठणठणीत असताना, रोज गिरणीत जाणाऱ्याची. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. आजारपणाची भरपगारी रजा वगैरे लाड तेव्हा नव्हते.

त्यात पगाराची पद्धत बघा. महिना भरला की लगेच पगार नाही, पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. म्हणजे कामगार कायम महिना-दीड महिना मागे. मग तोवर खायचं काय? तर चाळीच्या खालचा वाणी उधारीवर धान्य देणार, पगार झाला की आधी त्याचं देणं, आणि पुन्हा नवी उधारी. घरात धान्याचा साठा असा नाहीच, साठा वाण्याच्या दुकानात आणि चावी पगाराच्या हातात. साथ आली, घरचा कर्ता पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, की पुढचा पगार तुटला. आणि पगार तुटणार हे वाण्याला सगळ्यात आधी कळतं! भावही रोज चढतायत. अशा वेळी तो वही मिटून घेतो. तो काही दुष्ट असतो असं नाही, त्यालाही घाऊक बाजारात रोख मोजायची असते.

आमच्या धंद्यात बफर म्हणून एक प्रकार असतो. येणारा माल थांबला तरी पुढचं काम किती वेळ चालू राहील, ते बफरवर अवलंबून. मला वाटतं, साथीच्या काळात कुठल्याही घराला एकच प्रश्न विचारावा: उद्यापासून कमाई बंद झाली, तर चूल किती दिवस पेटेल? बंगल्यात राहणाऱ्याचं उत्तर वर्षं. पांढरपेशा घराचं उत्तर काही महिने, कारण उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ घ्यायचे, ऊन दाखवायचं, एरंडेल चोळायचं नाहीतर कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कोठीत भरून ठेवायचं ही आपल्याकडची जुनी रीत. ज्याला एकरकमी पैसे घालता येतात त्याला धान्य स्वस्तात पडतं आणि भाववाढही वर्षभर घराबाहेर राहते. गिरणी कामगाराचं उत्तर वाण्याच्या मर्जीइतकं. आणि रोजंदारीवरचा हमाल, झाडूवाला, खडी फोडणारा... त्याचं उत्तर एक दिवस. फार तर दोन. वरचा ६१.६ चा आकडा मुख्यतः या शेवटच्या लोकांचा आहे. जात आणि मिळकत या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या काढताच येत नाहीत (आता तरी कुठे धड येतात म्हणा).

पण अन्न म्हणजे फक्त धान्य नव्हे, ते शिजवायला हातही लागतो. या साथीचं एक विचित्र लक्षण होतं. एरवी फ्लू म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं नेतो. १९१८ च्या साथीने विशीपासून चाळिशीपर्यंतची, ऐन उमेदीतली माणसं नेली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रमाणात गेल्या. कारणं उघड आहेत. घरात सगळ्यांची सेवा करणारी तीच, सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खाणारी तीच, आणि अंगात ताप असताना चुलीपुढे बसणारीही तीच. एका खोलीतल्या घरात ती पडली की घरात दोन पायली ज्वारी असली तरी उपयोग काय? दळणार कोण, थापणार कोण? पैसेवाल्या घरात स्वयंपाकी असतो, मोलकरीण असते, नात्यातली कुणीतरी येऊन राहते. खालच्या थरात पर्यायी व्यवस्था नाही. यालाच आम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, म्हणजे एक खांब पडला की सगळं छप्पर खाली.

दुधाचंही तेच. आजाऱ्याला दूध, पेज असं हलकं काहीतरी द्या, हा सल्ला सगळेच देत होते. पण पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून दूध नाही, आणि जे आहे ते परवडत नाही. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून मदत घेऊन फिरत होते. त्यांनी जे केलं त्याला तोड नाही, पण शहर दहा लाखांच्या आसपास होतं.

मग मुंबईत भागत नाही तर गावी जावं? १९२१ च्या जनगणनेत मुंबईतले ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सगळ्यात मोठा. गाव हाच कामगाराचा खरा विमा. संप झाला, आजारपण आलं, बायको बाळंतपणाला, की गाव. पण १९१८ मध्ये साथ त्याच्या बरोबरीने रेल्वेने आणि आगबोटीने गावी पोचली, आणि कोकणातल्या घरांना मुंबईची मनिऑर्डरच जगवत होती. ती थांबली की गावातली चूलही थंड! देशावर आणखी वाईट. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे बाजरी काढायची आणि रब्बीची पेरणी करायची वेळ. एक तर पीक कमी, आणि जे होतं ते कापायला माणसं उभी नाहीत. ज्याच्या पेवात मागच्या वर्षीचं धान्य होतं तो मोठा शेतकरी तरला, उलट चढ्या भावाने विकून त्याने चार पैसेही केले असतील. अल्पभूधारकाने बियाणं खाल्लं आणि सावकार गाठला. आणि ज्याला मजुरीतच धान्य मिळायचं त्या भूमिहीन मजुराला काम नाही म्हणजे धान्यही नाही.

इथे थोडं मागे जाऊन प्लेगकडे बघायला हवं, कारण तिथे गणित वेगळं आलं. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेगचं निदान केलं, ते मांडवी भागात. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, उंदरांचं माहेरघर. साडेआठ लाखांच्या आतबाहेरच्या शहरातले जवळजवळ निम्मे लोक काही महिन्यांत पळाले. गिरण्यांना माणसं मिळेनात, आणि जे राहिले त्यांनी मागणी केली: महिन्याचा पगार नको, रोजचे पैसे रोज द्या. मालकांना ते ऐकावं लागलं! आता वरचं उधारीचं गणित आठवा, म्हणजे या मागणीचं मोल कळेल. रोजचा पैसा म्हणजे वाण्याच्या वहीतून सुटका.

अहमदाबादेत (तेव्हा तेही मुंबई इलाख्यातच) १९१७ मध्ये प्लेग आला तेव्हा कामगार पळू नयेत म्हणून गिरणीमालकांनी 'प्लेग बोनस' दिला, काही ठिकाणी पगाराच्या ७० टक्क्यांच्याही वर. प्लेग ओसरला, बोनस बंद. पण मधल्या काळात भाव चढलेलेच राहिले होते आणि कामगारांची घरं त्या बोनसवर चालायला लागली होती. फेब्रुवारी-मार्च १९१८ चा अहमदाबादचा तो प्रसिद्ध लढा यातूनच उभा राहिला. मालक म्हणाले २० टक्के वाढ, कामगारांच्या बाजूने गांधीजी आणि अनसूयाबेन म्हणाले ३५ टक्के. गांधीजींचं हिंदुस्थानातल्या सार्वजनिक लढ्यातलं पहिलं उपोषण याच लढ्यातलं. आपण शाळेत हा लढा एका ओळीत शिकतो, पण त्याच्या मुळाशी एक साथ आणि धान्याचा भाव आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

प्लेगमध्ये कामगाराला घासाघीस करता आली आणि फ्लूमध्ये नाही, असं का? माझ्या मते वेगामुळे. प्लेग महिनोन् महिने रेंगाळायचा, दरवर्षी परत यायचा. त्याला घाबरून माणसं पळायची आणि म्हणून उरलेल्यांची किंमत वाढायची. फ्लू दीड-दोन महिन्यांत सगळं आटपून गेला. पळायला वेळ नव्हता आणि जागाही नव्हती. घासाघीस झाली ती नंतर. डिसेंबर १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, जानेवारीत लाखाच्या वर कामगार बाहेर होते, आणि भत्ता १५ चा ३५ टक्के झाला. म्हणजे पोटाचा हिशेब साथीत नाही, साथ गेल्यावर मांडता आला, आणि तोही जे वाचले त्यांना.

सरकारलाही मग प्रश्न पडला की ही माणसं खातात तरी काय. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. अहवाल १९२३ चा, फिंडले शिरास यांचा. २४७३ कुटुंबांचे जमाखर्च तपासले. खर्चातला ५६.८ टक्के वाटा अन्नाचा निघाला. ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहणारी. जवळपास निम्मी कर्जात. आणि सगळ्यात बोचरा निष्कर्ष असा की मुंबईचा कामगार जेवढं धान्य खातो, ते तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे! हे सरकारच्याच अहवालात आहे. आणि ही पाहणी साथ संपून, पगार वाढून दोन-तीन वर्षं झाल्यावरची. १९१८ च्या ऑक्टोबरात काय असेल त्याची कल्पना करा.

५६.८ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं की मिळकत जितकी कमी, तितका खर्चातला अन्नाचा वाटा जास्त. मग कमाई निम्मी झाली की श्रीमंत माणूस चैनीवर काट मारतो, मध्यमवर्गीय कपडे आणि प्रवास टाळतो, आणि ज्याचा निम्म्याहून जास्त खर्च अन्नावरच आहे त्याच्याकडे काट मारायला ताटाशिवाय काही नसतं.

आता २०२०. शंभर वर्षांनी काय बदललं? खूप बदललं, आणि ते मान्य करायला हवं. या वेळी देशाकडे धान्य होतं. १ एप्रिल २०२० ला सरकारी गोदामांत साडेपाच कोटी टनांच्या वर गहू-तांदूळ होता, नियमाप्रमाणे लागणाऱ्या साठ्याच्या अडीचपट. रेशनवरच्या सुमारे ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो धान्य फुकट द्यायची घोषणा टाळेबंदी लागल्यावर दोनच दिवसांत झाली. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आली. १९१८ मध्ये वाण्याच्या वहीशिवाय काही नव्हतं, त्या मानाने ही फार मोठी मजल. धान्याचे भावही तेव्हासारखे भडकले नाहीत.

पण हा साठा सरकारचा, घरातला नव्हे. तो घरात यायला मध्ये एक कार्ड लागतं, आणि कार्डावर पत्ता गावचा. माणूस पुण्यात, भिवंडीत, जालन्यात. रेशनचे लाभार्थी किती हा आकडाही २०११ च्या जनगणनेवरून ठरलेला, म्हणजे तेव्हाच नऊ वर्षं जुना. आणि मधला थर? रिक्षावाला, छोटा दुकानदार, शिकवणीवाल्या बाई, ज्यांचं कार्ड केशरी पण अन्नसुरक्षा यादीत नाव नाही. त्यांना मोफत धान्य नव्हतं. राज्याने मे-जून २०२० मध्ये अशा केशरी कार्डवाल्यांना ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ दिला, माणशी पाच किलो. १९१८ चा पांढरपेशा कारकून आठवतो. पगार ठरलेला, भाव चढलेले, संप करता येत नाही आणि रांगेत उभं राहायची लाज वाटते. साथीत हा थर नेहमी उशिरा दिसतो.

माझ्यासारख्यांचं म्हणाल, तर आमचा पगार महिन्याच्या शेवटच्या तारखेला बँकेत जमा होत राहिला आणि किराणा दारात येत राहिला. १९१८ च्या त्या यादीत आम्ही कुठल्या आकड्याजवळ बसतो ते सांगायला नको.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले कामगार, मध्य प्रदेशात घरी निघालेले. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या पोळ्या सगळ्यांनी फोटोत पाहिल्या. वाटेसाठी बांधून घेतलेलं ते अन्न हाच त्यांचा सगळा बफर होता.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने कामगारांच्या फोनवरून पाहण्या केल्या. त्यात ९० टक्के लोकांनी सांगितलं की टाळेबंदीत घरातलं खाणं कमी झालं, आणि २० टक्क्यांनी सांगितलं की सहा महिन्यांनंतरही ते पूर्ववत झालेलं नाही. मला पहिल्यापेक्षा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण कमाई परत सुरू झाली तरी आधी देणी फेडायची असतात. विकलेलं मंगळसूत्र, गहाण टाकलेली रिक्षा, उसने घेतलेले दहा हजार. डाळ, दूध, अंडी, भाजी ताटात परत यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पोट धान्याने भरतं, त्यामुळे ही उपासमार बाहेरून दिसतही नाही.

तर एवढं वाचून मला जे समजलं ते असं. साथीत भूक येते ती बहुतेक वेळा धान्य नसल्यामुळे नव्हे, तर धान्य आणि चूल यांच्या मधला दुवा तुटल्यामुळे. १९१८ मध्ये तो दुवा पगार, वाण्याची वही आणि घरातल्या बाईचे दोन हात हा होता. २०२० मध्ये तो पगार, कार्डावरचा पत्ता आणि घरातल्या बाईचे दोन हात हा होता. ज्याची मिळकत जास्त त्याच्याकडे यातला एक तुटला तरी दुसरा असतो.

जानेवारी २०२३ पासून रेशनचं ते धान्य मोफत झालंय आणि कार्ड देशात कुठेही चालतं, म्हणजे पत्त्याचा प्रश्न बराच सुटला. पण भरपगारी आजारपणाची रजा आजही देशातल्या बहुसंख्य कामगारांना नाही. तुमच्या सोसायटीचा वॉचमन, तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, यांना पंधरा दिवस ताप आला तर त्यांचा पगार चालू राहील का, हे ठरवणारा मालक बहुतेक वेळा कुठलीही गिरणी नसते. आपणच असतो. पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण हा एक नियम घरातल्या घरात आजच करून टाकता येतो.